ट्रेकसाठी फर्स्ट एडचा कोर्स करताय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपमधल्या एका पोराचा मेसेज आला. वय बावीस-तेवीस. दोन वर्षं आमच्यासोबत फिरतोय, आता यंदाच्या पावसाळ्यापासून स्वतः लीडर म्हणून जाणार आहे. मेसेज साधा होता : "दादा, फर्स्ट एडचा कोर्स करायचाय. तीन ठिकाणच्या जाहिराती पाठवतो. कुठला करू?"

तीनही जाहिराती पाहिल्या. पहिली एका दिवसाची, जवळजवळ फुकट, वर "सर्टिफिकेट आणि जेवण समाविष्ट". दुसरी दोन दिवसांची, शनिवार-रविवार, मुक्कामासह. तिसरी आठ-नऊ दिवसांची, हिमालयात, त्याचा दोन महिन्यांचा पगार जाईल एवढ्या फीची. तिन्हींवर लाल क्रॉस, तिन्हींवर हसणारी माणसं, तिन्हींवर "सर्टिफाइड".

त्याला एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला चार-पाच जणांनी विचारलाय, आणि या विषयात मी स्वतः एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझी फजिती सांगतो. फजिती म्हणतोय, पण त्या दिवशी ते फजितीच्या बरंच पुढे जाऊ शकलं असतं.

काही वर्षांपूर्वीची नोव्हेंबरमधली गोष्ट. सतरा जणांचा ग्रुप, मी लीडर. किल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा "तो किल्ला अवघड आहे की सोपा" यावरच जाते. उतरताना साडेचारच्या सुमारास घसाऱ्यावर एका ताईंचा पाय सटकला. पंचेचाळिशीच्या असतील. पाच-सहा फूट घसरत खाली गेल्या आणि एका दगडाला अडकल्या. नडगीच्या खालच्या भागात पाय वाकडा दिसत होता. डोक्यालाही खरचटलं होतं, पण त्या बोलत होत्या, त्यामुळे डोक्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

माझ्याकडे फर्स्ट एडचं सर्टिफिकेट होतं. लॅमिनेट केलेलं. ट्रेकच्या जाहिरातीत आम्ही ते लिहायचोही, "प्रशिक्षित लीडर". आणि त्या क्षणी मला फक्त एक गोष्ट आठवली, क्रेप बँडेज. ते मी काढलं आणि बूटावरून, पॅन्टवरून, जोरात गुंडाळलं. पायाची बोटं गरम आहेत का, त्यांना स्पर्श कळतोय का, हे पाहायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वर त्यांना दोघांच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर चालवायचा प्रयत्न केला. वीस मिनिटांत शंभर फूटसुद्धा उतरलो नाही. ताई वेदनेने पांढऱ्या पडल्या.

मग दोन पोरं खाली वाडीत पळवली. वाडीतून सात-आठ जण वर येईपर्यंत अंधार पडला होता. तोपर्यंत ताई दोन तास उघड्या कातळावर बसून होत्या. त्यांना हुडहुडी भरली, तेव्हा मला वाटलं घाबरल्यात म्हणून कापतायत. अंगाखाली एखादी मॅट, दोन सॅक टाकायचं सुचलं नाही. वाडीतल्या लोकांनी दोन बांबू आणि घोंगडी यांची झोळी केली आणि रात्री साडेदहाला ताईंना रस्त्याला आणलं. १०८ ची गाडी तिथे थांबली होती. गाडीतल्या डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. पडल्या तेव्हा शुद्ध हरपली होती का? शेवटचं खाणं-पिणं कधी? कुठली औषधं चालू आहेत?

तिन्हींना माझं उत्तर एकच होतं : माहीत नाही.

ताईंनीच मग हळू आवाजात सांगितलं, की त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत ही माहिती किती महत्त्वाची असते, हे त्या डॉक्टरांचा चेहरा पाहून मला कळलं. सहा तास ती बाई माझ्या ताब्यात होती, आणि मी तिला एवढंही विचारलं नव्हतं.

ताई बऱ्या झाल्या. आज त्या चालतात, फिरतात, दिवाळीला मेसेज करतात. पण त्या बऱ्या झाल्या यात माझा वाटा शून्य आहे. वाटा आहे तो वाडीतल्या लोकांचा आणि नशिबाचा.

आता ते सर्टिफिकेट मला कसं मिळालं होतं, तेही ऐका. एक हॉल, शंभरच्या वर माणसं, एक प्रोजेक्टर, एक पुतळा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच स्लाइड्स. पुतळ्यासमोर रांग लावून प्रत्येकाने दहा-दहा वेळा छाती दाबली. संध्याकाळी चहासोबत सर्टिफिकेट. शिकवणारे डॉक्टर मनापासून शिकवत होते, त्यांची काही चूक नाही. पण तो कोर्स ऑफिसात, सोसायटीत, रस्त्यावर काही झालं तर काय करायचं यासाठी होता, आणि मी तो घेऊन डोंगरात गेलो होतो.

इथेच सगळा मुद्दा आहे.

शहरातलं फर्स्ट एड एका गृहीतकावर उभं आहे, की थोड्याच वेळात कोणीतरी जाणकार येणार आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवलेत. पण १०८ ची गाडी डांबरी रस्त्याला येते. रस्ता ते पेशंट हे अंतर आपलं. डोंगरातल्या वैद्यकीय प्रशिक्षणात साधारण नियम असा धरतात, की दवाखान्याची मदत मिळायला एका तासापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर ती 'वाइल्डरनेस'. या हिशोबाने हिमालयात जायची गरजच नाही. पुण्यापासून दोन तासांवरच्या किल्ल्याच्या माचीवर तुम्ही वाइल्डरनेसमध्येच असता, भले तिथे मोबाइलला रेंज असो आणि खाली भजीची टपरी दिसत असो.

आणि एकदा वेळ वाढला की कामाचं स्वरूपच बदलतं. शहरात तुम्ही दहा मिनिटं सांभाळता. डोंगरात पाच-सहा तास, कधी अख्खी रात्र. त्या वेळात माणसाला थंडी वाजते, तहान लागते, लघवीला लागते, वेदना वाढते, आधी बरा वाटणारा माणूस हळूहळू असंबद्ध बोलायला लागतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी नाडी, श्वास, शुद्ध पाहून वेळेसकट लिहून ठेवायचं असतं, कारण एकदा पाहिलेल्या नाडीपेक्षा ती वाढतेय की कमी होतेय याला जास्त अर्थ असतो. शहरात सांगतात, मानेला मार असेल तर हलवू नका, ॲम्ब्युलन्सची वाट पाहा. डोंगरात वरून दगड येत असतील किंवा आग्या मोहोळ उठलेलं असेल, तर हलवावंच लागतं, आणि कसं हलवायचं ते शिकलेलं असावं लागतं. शिवाय सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे याला आत्ता खाली न्यायचं, सकाळपर्यंत थांबायचं, की मदत वर बोलवायची? हा निर्णय कुठल्याही एक दिवसाच्या हॉलमधल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आता कोर्सचे प्रकार. थोडक्यात सांगतो, कारण जाहिरातींमध्ये याची मुद्दाम खिचडी केलेली असते.

एक, बीएलएस, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट. काही तासांचा कोर्स. सीपीआर, घशात काही अडकलं तर काय करायचं, एईडी मशीन. उत्तम कोर्स आहे, प्रत्येक नागरिकाने करावा. पण तुटलेल्या पायाबद्दल त्यात काहीच नाही.

दोन, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, रेड क्रॉस वगैरेंचे प्राथमिक उपचाराचे कोर्स. कारखाने, कंपन्या, शाळा यांच्यासाठी पूर्वीपासून चालत आलेले. पाया म्हणून चांगले. डोंगर त्यांच्या अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी नाही.

तीन, वाइल्डरनेस फर्स्ट एड. साधारण १६ ते २० तास, दोन किंवा अडीच दिवस.

चार, वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर. साधारण ७० ते ८० तास, आठ-दहा दिवस. ज्यांचं पोट या धंद्यावर आहे, जे मोठ्या मोहिमा नेतात, त्यांच्यासाठी जगभर हाच मापदंड मानला जातो. भारतात मसुरीजवळ लंढौरच्या हनिफल सेंटरसारख्या ठिकाणी असे कोर्स झालेत. याच्याही वर वाइल्डरनेस ईएमटी आहे, पण तो आपल्या चर्चेचा विषय नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. "मी बेसिक माउंटेनियरिंग कोर्स केलाय" म्हणजे वैद्यकीय प्रशिक्षण झालं असं नाही. दार्जिलिंगची एचएमआय १९५४ पासून आणि उत्तरकाशीची निम १९६५ पासून आहे, आणि त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण तिथे मुख्यतः गिर्यारोहण शिकवतात. प्रथमोपचार हा त्यातला छोटा भाग. दोरावरून माणूस खाली आणता येणं आणि खाली आणेपर्यंत त्याला जिवंत ठेवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दोन्ही लागतात.

दुसरं, वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हे नाव दहावीच्या बोर्डासारखं एकाच परीक्षेतून मिळत नाही. प्रत्येक संस्था आपापला अभ्यासक्रम ठरवते. त्यामुळे सर्टिफिकेटवर काय छापलंय त्यापेक्षा तिथे प्रत्यक्ष काय करून घेतात हे महत्त्वाचं. म्हणून मी त्या पोराला कोर्सचं नाव न सांगता प्रश्न दिले. फी भरण्याआधी फोन करून विचारायचे.

पहिला प्रश्न : एकूण तास किती, आणि त्यातले हाताने करायचे किती? निम्म्यापेक्षा जास्त वेळ खुर्चीवर जाणार असेल तर सोडून द्या. चांगल्या कोर्समध्ये तुम्हाला बाहेर नेतात, पोरांना खोटं रक्त लावून झुडपात झोपवतात, आणि "जा, काय झालंय बघ" म्हणतात. तुम्ही तीस जणांसमोर गोंधळता, चुकता, विसरता. ते चुकणं तिथे व्हायला हवं. माझं ते घसाऱ्यावर झालं.

दुसरा प्रश्न : एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? एक शिक्षक आठ-दहा जणांकडे नीट पाहू शकतो. शंभर जणांचा फर्स्ट एड कोर्स म्हणजे सभा.

तिसरा प्रश्न : शिकवणारा कोण? लोक विचारतात, "डॉक्टर आहेत ना?" डॉक्टर असतील तर चांगलंच. पण सगळी उपकरणं हाताशी असताना उपचार करणं आणि ट्रेकिंग पोल, सॅकची फ्रेम, ओढणी एवढ्यावर पाय स्थिर करणं यात फरक आहे. शिकवणाऱ्याने स्वतः कधी रात्री डोंगरातून माणूस खाली आणलाय का, हे विचारा. डॉक्टर आणि रेस्क्यूचा अनुभव असलेला गिर्यारोहक अशी जोडी असेल तर सोन्याहून पिवळं.

चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा : आपल्या सह्याद्रीत जे होतं ते तुम्ही शिकवता का?

यातले बरेचसे अभ्यासक्रम अमेरिकेत तयार झालेले आहेत. त्यात अस्वल, हिमदंश, विरळ हवेचा त्रास यावर बराच वेळ जातो. आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. तिथे विरळ हवेने कोणी आजारी पडत नाही. आपल्याकडे माणसं वेगळ्या कारणांनी जातात.

उन्हाने जातात. एप्रिल-मेमध्ये, आणि ऑक्टोबर हीटमध्येही. माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, की तो साधा थकवा राहिलेला नाही. अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं. सावली, टाक्यातलं पाणी अंगावर, ओल्या कपड्याने वारा. "लवकर खाली नेऊ" म्हणून त्याला उन्हातून चालवणं म्हणजे त्याला मारणं.

पाण्याने जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत नुसती छाती दाबून भागत नाही. त्याला हवा कमी पडलेली असते, त्यामुळे तोंडाने श्वास देणं आवश्यक असतं. व्हिडिओ बघून "फक्त हाताने सीपीआर" शिकलेल्यांना हे माहीत नसतं. पोट दाबून पाणी काढायचा उद्योग तर अजून सगळीकडे चालतो.

पावसाने जातात, म्हणजे थंडीने. जुलैमध्ये हायपोथर्मिया म्हटलं की लोक हसतात. चार तास भिजलेला टीशर्ट, वर माचीवरचा वारा, पोटात काही नाही, आणि एकाचा पाय मुरगळल्यामुळे सगळे थांबलेत. शरीर गार पडायला बर्फच लागतो असं नाही.

आग्या माशांनी जातात. किल्ल्यांवर दर हंगामात हल्ले होतात. कुठल्या बाजूला पळायचं, चेहरा कसा झाकायचा, काटे लगेच कसे काढायचे, आणि डंखानंतर कोणाचे ओठ सुजले, श्वास अडकला, तर ती साधी सूज नाही, हे ओळखता आलं पाहिजे. परदेशी कोर्समध्ये त्यासाठी तयार इंजेक्शनचं पेन दाखवतात. ते आपल्याकडे सहज मिळत नाही. मग इथे काय करायचं, हे शिकवणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

आणि साप, विंचू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपले चार. यांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं आणि ते दवाखान्यातच मिळतं, तेव्हा लीडरचं काम म्हणजे वेळ न घालवता तिथे पोचवणं. अंगठी, घड्याळ, पैंजण काढायचं, हात-पाय मोडल्यासारखा स्थिर करायचा, चालवायचं नाही, चावल्याची वेळ लिहायची. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप मारत बसायचं नाही. आजही काही ठिकाणी दोरीने आवळायला शिकवतात. असं शिकवणाऱ्या कोर्समधून उठून घरी या. विंचवाचं तर जगाला आपल्या कोकणाने शिकवलंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर किती जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सह्याद्रीत शिकवल्या जाणाऱ्या कोर्समध्ये लाल विंचू नसेल, तर तो कोर्स सह्याद्रीसाठी नाहीच.

पाचवा प्रश्न : या कोर्समध्ये नापास होता येतं का? हसू नका. जिथे सगळेच पास होतात तिथे तुम्ही हजेरीचं सर्टिफिकेट विकत घेताय.

सहावा प्रश्न : मुदत किती, आणि उजळणी कशी? सीपीआरचं कार्ड साधारण दोन वर्षं चालतं, वाइल्डरनेसची सर्टिफिकेटं दोन ते तीन वर्षं. ही मुदत उगाच नसते. सराव नसेल तर काही महिन्यांतच हात विसरतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास, हे आत्ता वाचताना सोपं वाटतं. उशीवर दोन मिनिटं करून बघा.

सातवा प्रश्न : काय करायचं नाही, हे शिकवता का? सर्टिफिकेट म्हणजे डॉक्टरकीचा परवाना नव्हे. इंजेक्शन, प्रिस्क्रिप्शनची औषधं, निखळलेला सांधा बसवणं, यात आपली मर्यादा कुठे आहे हे स्पष्ट सांगणारा शिक्षक विश्वासाचा. शिवाय कायद्याचं भान हवं. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४-अ हे रस्त्यावरच्या वाहन अपघातांसाठी आहे. डोंगरातल्या अपघाताचा त्यात उल्लेख नाही. तुम्ही पैसे घेऊन माणसं नेत असाल, तर "मी भल्यासाठी केलं" एवढं पुरेसं होईल असं समजू नका.

आता माझं मत. ते सगळ्यांना पटणार नाही.

शनिवार-रविवारी सह्याद्रीत माणसं नेणाऱ्या लीडरला ८० तासांचा कोर्स लागतोच असं मला वाटत नाही. १६ ते २० तासांचा नीट घेतलेला वाइल्डरनेस फर्स्ट एड, आणि दर पावसाळ्याआधी एक दिवस उजळणी, एवढं किमान हवं. एका क्लबमध्ये एकाने हिमालयात जाऊन मोठा कोर्स केला आणि बाकी नऊ जण कोरे, यापेक्षा दहाच्या दहा जणांनी दोन दिवसांचा कोर्स केलेला मला चालेल. कारण मोठा कोर्स केलेला माणूस त्या रविवारी दुसऱ्याच किल्ल्यावर असतो. किंवा पडणारा तोच असतो.

याला माझ्या एका जुन्या मित्राचा विरोध आहे, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तो म्हणतो, दोन दिवसांत अर्धवट शिकलेला माणूस जास्त धोकादायक, त्याला वाटतं आपल्याला सगळं येतं. ८० तासांत जो निर्णय घ्यायची सवय लागते ती १६ तासांत लागत नाही. मान्य. म्हणून माझं म्हणणं असं : जो यावर पोट भरतो, जो दर महिन्याला पैसे घेऊन पन्नास माणसं नेतो, जो हिमालयात ग्रुप नेतो, त्याला सूट नाही. त्याने मोठा कोर्स केलाच पाहिजे. ट्रक चालवायला वेगळं लायसन्स लागतं, तसंच हे.

अजून दोन उत्तरं हमखास मिळतात.

"आमच्या ग्रुपमध्ये डॉक्टर असतात." छान. त्यांच्याकडे सामान काय असतं? आणि ते त्वचारोगतज्ज्ञ असतील तर त्यांच्यावर ही जबाबदारी टाकण्याआधी त्यांना विचारलंय का?

"रेस्क्यू टीम येते की." येते. शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं रात्री-अपरात्री, भर पावसात, स्वतःच्या नोकऱ्या सोडून येतात. राज्यभरच्या गिर्यारोहकांनी उभं केलेलं रेस्क्यूचं समन्वय केंद्रही आहे. पण ती टीम घरून निघून, गाडीने पायथ्याला येऊन, चढून तुमच्यापर्यंत पोचायला तास लागतात. तोवर पेशंट तुमचा आहे. आणि फोनवर "एक जण पडलाय, लवकर या" एवढंच सांगणं, आणि "वय ४५, नडगी मोडलीय, शुद्धीत आहे, नाडी ९६, डोक्याला मार, रक्त पातळ करणारी गोळी चालू, आम्ही अमुक टाक्याजवळ आहोत" असं सांगणं, यात त्यांच्या तयारीचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे दुसरं वाक्य बोलता येणं, हेच या कोर्सचं मोठं फळ आहे.

शेवटचा मुद्दा सरकारचा आणि आपला.

राज्यात साहसी उपक्रमांसाठी २०१८ चा शासन निर्णय आहे, २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे. कागदावर प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, नोंदणी, सगळं आहे. प्रत्यक्षात इन्स्टाग्रामवर पोस्टर टाकून ३०० माणसं एका किल्ल्यावर नेणाऱ्याला हे कोण विचारतं? तपासणी झालीच तर सर्टिफिकेटची झेरॉक्स पाहतात. माझंही पाहिलं असतं, आणि मी पास झालो असतो. त्यामुळे विचारायचं काम गिऱ्हाइकाने, म्हणजे तुम्ही करायला हवं. ट्रेकचे पैसे भरताना नाश्त्याला पोहे आहेत का हे आपण विचारतो. "लीडरने कुठला कोर्स केलाय, कधी केलाय, किती तासांचा?" हेही विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला ते जाहिरातीत लिहावं लागतं.

आणि ज्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही ते म्हणजे पायथ्याच्या वाड्यांमधले लोक. माझ्या त्या रात्री आणि जवळजवळ प्रत्येक अपघातात सगळ्यात आधी पोचतात ते हेच. महादेव कोळी, ठाकर, कातकरी पोरं. वाट त्यांना अंधारात पाठ असते, खांद्यात ताकद असते. झोळी त्यांनीच केली, मी नाही. पण त्यांना कोणी दोन दिवस बसवून शिकवलेलं नाही, कारण कोर्स शहरात, फी शहराच्या हिशोबाची, आणि भाषा इंग्रजी. आज कितीतरी किल्ल्यांच्या पायथ्याला वन व्यवस्थापन समित्या माणशी उपद्रव शुल्क घेतात. घेऊ द्या, माझी तक्रार नाही. पण त्यातून दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी गावातल्या दहा पोरा-पोरींचा मराठीतून दोन दिवसांचा कोर्स आणि शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवलेलं एक नीट स्ट्रेचर, एवढं होऊ शकतं. ट्रेकिंग क्लबांनी शिकवायला जावं, समितीने खर्च करावा. पुढे याच पोरांना गाइड म्हणून जास्त पैसे मागता येतील आणि ते मागायचा त्यांना हक्कही असेल.

त्या पोराला मी काय सांगितलं? म्हटलं, "एक दिवसाचा सोड. हिमालयातला आत्ता नको, कर्ज काढून तर अजिबात नको. दोन दिवसांवाल्यांना फोन कर आणि हे सात प्रश्न विचार." त्याने केला. पाच उत्तरं चांगली आली. विंचवाबद्दल ते म्हणाले, "तसं स्वतंत्र सेशन नाही, पण घालता येईल." उजळणीबद्दल त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा म्हणाला, "मग दादा, उजळणी आपणच घेऊ ना ग्रुपमध्ये, दर जूनला."

घेऊ म्हटलं. मग स्वतःचं कार्ड काढून पाहिलं. त्या नोव्हेंबरनंतर मी नीट कोर्स केला होता, पण त्याची मुदत मार्चमध्येच संपलीय. त्या पोराच्या शेजारी त्याच बॅचमध्ये मीही नाव घातलंय.

तुमच्या लीडरला विचारा. तुम्ही लीडर असाल तर आपलं कार्ड काढून तारीख बघा.